निश्चयाचे अधिष्ठान
आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे जीवन

आमच्या संस्कृत पाठशाळेत दरवर्षी एखाददुसरा विद्यार्थी असा येतो की, लोकांच्या मते त्याचे शिकण्याचे वय केव्हाच निघून गेलेले असते. वीस-बावीस वर्षे उलटलेली, घरी शेतीचा वा दुकानाचा भार, कोणाचे लग्नही झालेले. आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या पंक्तीत बसून रामशब्दाची रूपे घोकताना त्याला संकोच वाटतो. धातुरूपांशी गाठ पडली की पहिल्या आठवड्यातील उत्साह ओसरू लागतो, आणि एके संध्याकाळी तो हळूच विचारतो की, मला आता हे जमेल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर तर्काने देता येत नाही. ते एखाद्या जीवनातच सापडते. म्हणून प्रस्तुत लेखक अशा विद्यार्थ्यास जवळ बसवून आपल्याच गोमंतकातील एका पुरुषाची कथा सांगत असतो. श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या ग्रंथासाठी काही लिहावे, अशी आज्ञा झाली तेव्हा तीच कथा भाविक वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले. ही कथा आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांची आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्मानंदजी बौद्ध धर्माचे पंडित होते; काही वर्षे त्यांनी भिक्षूची चीवरेही धारण केली होती. आपल्या परंपरेविषयी पुढे त्यांनी जी काही मते मांडली, त्यांतील कित्येक आपल्या संप्रदायास मान्य होण्यासारखी नाहीत. ती त्यांनी कधी लपविली नाहीत, आणि आम्हीही येथे ती झाकून ठेवीत नाही. परंतु विद्येसाठी माणसाने किती सोसावे, एकदा धरलेला हेतू किती वर्षे वाहून न्यावा, ह्याचा धडा घेताना गुरू कोणत्या मार्गाचा आहे हे पाहण्याचे कारण नाही. सोने कोणाच्याही पेटीतले असो, ते कसोटीवर घासूनच पाहावयाचे असते.

धर्मानंदजींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोमंतकातील सांकवाळ गावी एका गौड सारस्वत कुटुंबात झाला. ह्या गावाचे नाव आपल्या भाविकांस अपरिचित नाही. सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या काळात येथील श्रीलक्ष्मीनृसिंहाची मूर्ती वेलिंग येथे हलविण्यात आली, ती आजही तेथे पूजिली जाते. धर्मानंदजींच्या बालपणी ह्या भागावर पोर्तुगीज सत्तेस तीन शतकांहून अधिक काळ लोटला होता. मराठी शिक्षणाची सोय बेताची, उच्च शिक्षणाची तर मुळीच नव्हती. गावातल्या शाळेत जेवढे मराठी शिकावयास मिळाले तेवढ्यावरच त्यांचे शालेय शिक्षण थांबले. पुढील वर्षे घरचे माडांचे भाट सांभाळण्यात जाऊ लागली. १८९१ साली त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव बाळाबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे आता त्यांच्या आयुष्याचा मार्ग आखला गेला होता : भाट, संसार, कुळाचार आणि गावचा जत्रोत्सव. ह्यांत कमीपणाचे काही नाही; आपल्या कित्येक सत्पुरुषांनी असेच जीवन पवित्र करून दाखविले आहे. परंतु ह्या तरुणाच्या अंतःकरणात विद्येची तहान होती, आणि ती भागविणारा पाणवठा जवळपास कोठेच नव्हता.

मिळेल ते मराठी पुस्तक त्यांनी वाचून काढले. तुकोबांच्या अभंगांनी त्यांच्या मनास मोठा धीर दिला. विनायक कोंडदेव ओक हे मुलांसाठी बालबोध नावाचे मासिक चालवीत असत. त्यात १८९७ च्या सुमारास धर्मानंदजींनी भगवान बुद्धाचे संक्षिप्त चरित्र वाचले. मुलांसाठी लिहिलेली ती थोडीशी पाने. हजारो वाचकांनी ती वाचली असतील आणि विसरलीही असतील. सांकवाळच्या ह्या तरुणाला मात्र त्या पानांनी जन्मभर पुरेल असा एकच ध्यास लावला. बुद्धाने काय सांगितले, ते मूळ ग्रंथांतून स्वतः समजून घ्यावयाचे आणि मग ते आपल्या भाषेत आपल्या लोकांस सांगावयाचे, हा तो ध्यास होय.

आता हा ध्यास आणि हाती असलेले साहित्य ह्यांची तुलना करून पाहा. मूळ ग्रंथ पाली भाषेत, आणि पाली शिकविणारा गोमंतकात कोणी नाही. पालीकडे जावयाचे तर आधी संस्कृत हवे; तेही येत नव्हते. इंग्रजी येत नव्हते. पैसा नव्हता. वय विशीच्या पुढे गेलेले होते. आणि घर सोडण्याचा प्रयत्न केला तर काय झाले? त्यांनी तो एकदा नव्हे, अनेकदा केला, आणि प्रत्येक वेळी ते परत आले. कधी घरच्या काळजीने ओढले, कधी पुढची वाट दिसेना. मनोनिग्रहाविषयी बोलणारे बहुधा ह्या माघारीच्या प्रसंगांवर पडदा टाकतात. धर्मानंदजींनी मात्र निवेदन नावाच्या आपल्या आत्मचरित्रात स्वतःची दुर्बलता मोकळेपणाने सांगितली आहे, आणि आम्हांस तो त्या ग्रंथाचा सर्वांत उपकारक भाग वाटतो. निश्चय हा विजेसारखा एकदा चमकतो आणि माणूस बदलतो, अशी आपली समजूत असते. येथे तो वारंवार मोडला आणि वारंवार पुन्हा बांधला गेला. भिंत एका दिवसात उभी राहिली नाही. पडली तेव्हा तेच दगड पुन्हा रचले गेले.

१८९९ च्या अखेरीस ते निघाले, ते मात्र परत फिरले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते, आणि घरी पत्नी व तान्ही मुलगी माणिक होती. हा प्रसंग लिहिताना लेखणी थबकते. आपल्या धर्मशास्त्रात गृहस्थाश्रम हा इतर आश्रमांचा आधार मानला आहे. तो टाकून जाणाऱ्याचे सरसकट कौतुक करणे आम्हांस शोभणार नाही. धर्मानंदजींनी मिळविलेल्या विद्येचे मोल सांगताना त्या विद्येच्या खर्चातील एक मोठा वाटा बाळाबाईंनी भरला, हे विसरता येत नाही. तो वाटा त्यांस कोणी विचारून मागितला नव्हता. त्यांनी सुमारे सात वर्षे पतीवाचून काढली. त्या वर्षांचा हिशेब कोणत्याही ग्रंथात नाही. परंतु धर्मानंदजींच्या प्रत्येक ग्रंथाच्या पायाशी तो आहे.

पुण्यास आल्यावर त्यांस डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे साहाय्य लाभले, आणि संस्कृत अध्ययनास प्रारंभ झाला. डॉ. भांडारकर हे त्या काळातील प्राच्यविद्येचे अग्रणी, शिवाय पुण्याच्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. एखाद्या निराधार तरुणास त्यांच्या छायेत राहून पुढे आयुष्याची घडी बसविणे सहज शक्य होते. परंतु धर्मानंदजींस सलग आणि शास्त्रशुद्ध संस्कृत अध्ययन हवे होते, आणि त्याचे माहेरघर काशी. १९०० साली त्यांनी पुणे सोडले आणि उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर अशी मजल-दरमजल करीत ते काशीस पोहोचले. माळव्यातील आणि ग्वाल्हेरीकडील आपल्या बांधवांस हे वाचून आनंद वाटेल की, विद्येच्या शोधात निघालेल्या ह्या गोमंतकीयाची वाट त्यांच्याच गावांवरून गेली.

काशीत त्यांनी गंगाधरशास्त्री आणि नागेश्वरपंत धर्माधिकारी यांच्यापाशी अध्ययन केले. अन्नछत्रातील एका वेळच्या अन्नावर काशीतील कित्येक गरीब विद्यार्थी त्या काळी दिवस काढीत. धर्मानंदजीही त्यांतलेच एक झाले. उत्तरेकडील थंडी, अपुरी वस्त्रे, आणि वयाने लहान परंतु अध्ययनात पुढे असलेले सहाध्यायी. ज्या हातांनी घरच्या भाटाचा कारभार पाहिला, त्याच हातांनी अन्नछत्राच्या पंगतीत पत्रावळ मांडून घ्यावयाची होती. माणसाच्या मनात अभिमान नावाची एक वस्तू असते. ती विद्येच्या दारात उतरवून ठेवल्यावाचून आत प्रवेश मिळत नाही. विशीनंतर शिकू पाहणाऱ्यास बुद्धीची अडचण फारशी येत नाही. अडचण येते ती ह्या अभिमानाची. आमच्या पाठशाळेतील तो संकोचलेला विद्यार्थी ह्याच उंबऱ्यावर अडखळत असतो.

संस्कृतात बऱ्यापैकी गती आली तेव्हा त्यांच्यापुढे पुन्हा एक सोपा मार्ग उघडा होता. काशीचा पंडित म्हणून परत यावे, एखाद्या संस्थानात वा पाठशाळेत स्थान मिळवावे, आणि घरी सन्मानाने राहावे. पण संस्कृत हे त्यांच्या दृष्टीने वाटेवरील एक गाव होते. मुक्काम पुढे होता. बुद्धाचा धर्म नेपाळात अजून जिवंत आहे, असे ऐकून १९०२ च्या आरंभी ते तिकडे गेले. तेथे त्यांची घोर निराशा झाली. ज्या पाली ग्रंथांच्या आशेने एवढी पायपीट केली, त्यांचे अध्ययन तेथे होत नव्हते. नेपाळातून ते बुद्धगयेस आले, तेथे त्यांस कळले की, पालीचे खरे अध्ययन सिंहलद्वीपात होते. मग कलकत्ता, आणि महाबोधी सभेच्या साहाय्याने समुद्रमार्गे सिंहल. सांकवाळपासून पुणे, पुण्याहून काशी, काशीहून नेपाळ, आणि तेथून भारताच्या दुसऱ्या टोकास, समुद्रापलीकडे. नकाशावर बोट फिरवून पाहिले म्हणजे ह्या भ्रमंतीत किती वाट चुकल्यासारखी वाटते! परंतु चुकलेली प्रत्येक वाट त्यांस पुढचा प्रश्न नेमका विचारावयास शिकवून गेली.

कोलंबो येथील विद्योदय परिवेण हे त्या काळी पाली विद्येचे मोठे पीठ होते, आणि सुमंगल महास्थविर हे तेथील प्रधान आचार्य. त्यांच्यापाशी धर्मानंदजींनी १९०२ साली श्रामणेर-दीक्षा घेतली आणि पालीच्या अध्ययनास बसले. पुन्हा नवी भाषा, नवी लिपी, नवे अन्न. तेथील आहार त्यांस मानवेना आणि प्रकृती बिघडू लागली. तथापि सिंहली लिपीतील ग्रंथ वाचण्याइतकी तयारी त्यांनी केलीच. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तेथे ब्रह्मी लिपीतील ग्रंथांचा परिचय करून घेतला आणि ध्यानाचाही अभ्यास केला. सारनाथ, कुशीनगर इत्यादी बौद्ध तीर्थांचे दर्शन त्यांनी घेतले. पतंजलीच्या योगशास्त्रात अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, अखंडपणा आणि आदर अशा तीन गोष्टी लागतात, असे प्रतिपादिले आहे. धर्मानंदजींच्या ह्या सात वर्षांत त्या तिन्ही एकत्र दिसतात. त्यांतही आदर विशेष. कारण ज्या ज्या गुरूपाशी ते गेले त्याच्यापुढे पूर्वीचे सर्व विसरून प्रथम वर्गातील विद्यार्थी होऊन बसले.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. नव्या राष्ट्रीय महाविद्यालयात पाली शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि पुढे कलकत्ता विद्यापीठातही त्यांस स्थान मिळाले. ह्याच सुमारास त्यांनी चीवरे उतरविली आणि गृहस्थाचा वेष पुन्हा धारण केला. ते गोमंतकात आले, बाळाबाईंस आणि मुलीस भेटले, आणि तुटलेला संसार पुन्हा जोडू लागले. १९०७ साली त्यांस पुत्र झाला. तोच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगात नावाजलेला दामोदर धर्मानंद कोसंबी होय.

येथे त्यांच्या जीवनातील एक प्रसंग असा आहे की, व्यवहारी माणसास तो कोड्यासारखा वाटावा. कलकत्त्यास विद्यापीठातील स्थान होते, मान होता, वेतन वाढण्याची आशा होती. परंतु महाराष्ट्रात पालीचे अध्ययन सुरू व्हावे आणि मराठी लोकांस बुद्धाचा उपदेश मराठीत कळावा, हा मूळ हेतू तेथे बसून साधत नव्हता. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांनी १९०८ साली त्यांस मासिक ५० रुपयांची वृत्ती देऊ केली. धर्मानंदजींनी महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे आणि दरवर्षी बडोदे सरकारसाठी एक पुस्तक लिहावे, एवढीच अपेक्षा. कलकत्त्याचे अधिक मिळकतीचे स्थान सोडून धर्मानंदजींनी हे ५० रुपये स्वीकारले. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने पुढे बुद्ध, धर्म आणि संघ ह्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अन्नछत्रात जेवून दिवस काढणाऱ्यास दारिद्र्याची भीती उरत नाही, असे कोणी म्हणेल. पण आमच्या मते दारिद्र्य सोसणे त्या मानाने सोपे, कारण तेथे दुसरा उपाय नसतो. हाती आलेली सुस्थिती हेतूसाठी परत करणे हीच खरी परीक्षा, आणि पुष्कळसे निश्चयी लोक तेथेच मागे पडतात.

मुंबईस असताना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. जेम्स वुड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्यातून जे कार्य त्यांच्या हाती आले त्याने त्यांची उरलेली शक्ती कसाला लावली. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात विसुद्धिमग्ग हा पाली ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा ह्या तीन पायऱ्यांनी चित्तशुद्धीचा मार्ग सांगणारा तेवीस प्रकरणांचा हा प्रचंड ग्रंथ आहे. हेन्री क्लार्क वॉरेन नावाच्या एका अमेरिकन विद्वानाने सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखितांवरून त्याची संशोधित आवृत्ती करावयास घेतली होती. लहानपणापासून शरीराने अपंग झालेल्या ह्या मनुष्याने मृत्यूपर्यंत ते काम सोडले नाही. १८९९ च्या आरंभी तो वारला आणि काम अपुरे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सांकवाळचा एक तरुण संस्कृतचे एक अक्षरही नीट येत नसताना घराबाहेर पडला होता! ते अपुरे काम पूर्ण करण्यासाठी अकरा वर्षांनी, १९१० साली, त्याच तरुणास समुद्रापलीकडून बोलावणे आले.

हार्वर्ड येथे प्राध्यापक लॅन्मन यांच्याबरोबर त्यांस काम करावयाचे होते. इंग्रजी त्यांनी बव्हंशी स्वतःच्याच परिश्रमाने शिकून घेतले होते. ग्रंथाचे काम चालू असतानाच श्रेयाच्या प्रश्नावरून उभयतांत मतभेद झाले, आणि १९१२ साली धर्मानंदजी काम अपुरे टाकून स्वदेशी परतले. स्वाभिमानी मनुष्याने तेथेच तो अध्याय मिटविला असता. त्यांनीही काही काळ तो मिटविला; परंतु पुसला नाही. १९१८ साली ते पुन्हा गेले. ह्या वेळी मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांस त्यांनी शिक्षणासाठी बरोबर नेले. १९२६ साली ते तिसऱ्यांदा गेले, आणि १९३१ साली चौथ्यांदा. ह्या चौथ्या फेरीत ते काम संपले. पहिल्या आणि अखेरच्या फेरीत एकवीस वर्षांचे अंतर. एकाच ग्रंथासाठी चार वेळा महासागर ओलांडणारा असा दुसरा विद्वान आमच्या ऐकिवात नाही.

ह्या फेऱ्यांच्या मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे यांसारखे त्यांचे शिष्य पुढे निरनिराळ्या महाविद्यालयांत पालीचे अध्यापक झाले. महाराष्ट्रात पालीची परंपरा रुजली ती अशी. ज्याला शिकावयास सिंहलापर्यंत जावे लागले, त्याने पुढच्या पिढीस ती विद्या घराशेजारी आणून दिली. आपल्यास पडलेले कष्ट दुसऱ्यास पडू नयेत, ही विद्येची सर्वांत सुंदर फलश्रुती होय. १९२२ पासून काही वर्षे त्यांनी अहमदाबादेस महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात काम केले. निवेदन हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राड येथे, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्ग येथे, पालीच्या कामासाठी गेले. १९३० च्या मीठ-सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि तुरुंगवासही पत्करला.

उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य काशी, मुंबई, सारनाथ असे फिरते राहिले. मुंबईस परळ येथे श्रमजीवी लोकांच्या वस्तीत १९३७ साली त्यांनी बहुजनविहाराची स्थापना केली. १९४० साली विसुद्धिमग्गाची देवनागरी लिपीतील आवृत्ती त्यांनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनाकडून प्रसिद्ध केली. त्यामुळे सिंहली वा ब्रह्मी लिपी न जाणणाऱ्या आपल्यासारख्या पाठशाळेतील विद्यार्थ्यांसही तो ग्रंथ वाचता येऊ लागला. त्यांचे भगवान बुद्ध हे मराठी चरित्र पुढे अनेक भारतीय भाषांत गेले. बालबोधातील थोड्या पानांनी जागविलेली तहान अशा रीतीने एका मोठ्या ग्रंथाच्या रूपाने मराठी वाचकांकडे परत आली. घेतलेले ऋण व्याजासह फेडले गेले.

त्यांच्या अंतकाळाविषयी लिहिताना फार जपून लिहिले पाहिजे. शरीर व्याधींनी जर्जर झाले. आता आपल्या हातून कार्य होणार नाही आणि आपला भार दुसऱ्यांवर पडेल, असे त्यांस वाटू लागले. अन्नत्याग करून देह ठेवावा, असे त्यांनी ठरविले. प्रथम महात्मा गांधींच्या सांगण्यावरून त्यांनी उपवास सोडला. पुढे सेवाग्राम येथे पुन्हा अन्नत्याग केला आणि जून १९४७ च्या आरंभी तेथेच त्यांचे देहावसान झाले. देश स्वतंत्र होण्यास त्या वेळी अवघे दोन-अडीच महिने उरले होते. हा मार्ग सर्वांनी अनुसरावा, असे आम्ही म्हणत नाही. देह हा ईश्वराने सोपविलेली ठेव आहे, तो जपावा आणि आजाऱ्याची सेवा प्रेमाने करावी व घ्यावी, हीच आपल्या मठाची शिकवण आहे. ह्या प्रसंगातून आम्ही घेतो ती गोष्ट निराळी. एवढा दृढनिश्चयी पुरुष, परंतु एका ज्येष्ठाचा शब्द आला तेव्हा त्यांनी आपला आग्रह एकदा बाजूस ठेवला. निश्चय आणि हट्ट ह्यांच्यातील सीमारेषा येथे दिसते. हट्टी मनुष्यास कोणाचेच ऐकू येत नाही.

विसुद्धिमग्गाची हार्वर्डची आवृत्ती १९५० साली छापून बाहेर पडली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरेन यांचे आणि संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव आहे. ती पाहावयास दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. एकाने जन्मभर रुग्णशय्येशी झगडत तो आरंभिला, आणि दुसऱ्याने चार वेळा समुद्र ओलांडून तो पूर्ण केला. दोघांची ह्या जन्मी भेट झाली नाही. तरीही एका ग्रंथाच्या पानावर दोन नावे शेजारी-शेजारी आली. यश म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्हांस हे पान दाखवावेसे वाटते. ज्या यशाचा उपभोग घ्यावयास कर्ता उरत नाही आणि तरी ज्याचा लाभ शेकडो जिज्ञासूंस होत राहतो, त्यास शास्त्रात निष्काम कर्माचे फळ म्हणतात.

बौद्ध परंपरेत बोधिसत्त्वाने पूर्ण करावयाच्या दहा पारमिता सांगितल्या आहेत. त्यांतील आठवी अधिष्ठान, म्हणजे धरलेला संकल्प ढळू न देणे. हा शब्द आपल्याही नित्य परिचयाचा आहे. देवाची स्थापना करण्यापूर्वी आपण पीठ सिद्ध करतो, कारण अधिष्ठानावाचून मूर्ती स्थिर राहत नाही. यशाचेही तसेच आहे. नुसती इच्छा ही मूर्तीसारखी सुंदर असते, पण खाली पीठ नसेल तर पहिल्या धक्क्यास ती कलंडते. धर्मानंदजींचे पीठ कशाचे होते, हे वर आलेच आहे. हेतू एकच होता. तो गाठण्यासाठी पुन्हा पुन्हा शिष्य होण्याची तयारी होती. मधल्या मुक्कामावर मिळणाऱ्या सुखास ते भुलले नाहीत. आणि माघार घ्यावी लागली तर लाजून बसून न राहता ते पुन्हा निघत. ह्यांतील एकही गोष्ट जन्मजात प्रतिभेवर अवलंबून नाही. म्हणूनच हे चरित्र सामान्य माणसाच्या उपयोगाचे आहे.

एक शेवटचे सांगावयाचे. संकल्प एकाचा असला तरी तो सिद्धीस नेणारे हात अनेक असतात. काशीच्या शास्त्र्यांनी विद्या दिली, अन्नछत्राने अन्न दिले, सुमंगल महास्थविरांनी आश्रय दिला, सयाजीराव महाराजांनी वृत्ती दिली. आणि बाळाबाईंनी जे दिले त्यास नाव नाही. आपल्या घरात, आपल्या शेजारी, कदाचित आपल्या दुकानाच्या गादीमागे असा एखादा तहानलेला मुलगा वा मुलगी असेल. त्यांचे वय निघून गेले, असे आपण म्हणत असू. श्रीमठाचे भक्त म्हणून आपण त्यांस एक पुस्तक, एका वेळचे अन्न, एक धीराचा शब्द देऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्यांच्या मार्गामुळे ज्यांच्यावर भार पडणार आहे, त्यांचा भार थोडा वाटून घेऊ शकतो. बाळाबाईंस एकट्याने जे सोसावे लागले, ते पुढील कोणा भगिनीस एकट्याने सोसावे लागू नये.

संध्याकाळी पाठशाळेच्या ओसरीवर ही कथा संपते तेव्हा तो विद्यार्थी काही बोलत नाही. कित्येकदा तो दुसऱ्या दिवशी येतो. कधी कधी येत नाही. न येणाऱ्याविषयीही आम्ही आशा सोडीत नाही, कारण सांकवाळचा तो तरुणही अनेकदा घरी परतला होता. पाठशाळेचे दार उघडे ठेवणे एवढेच आमच्या हाती. ते दार कोणासही कधी बंद न होवो, आणि जो परतून येईल त्याच्या संकल्पास श्रीगुरुकृपेचे अधिष्ठान लाभो, हीच ह्या मंगलप्रसंगी श्रीचरणी प्रार्थना.